सांताक्रूझची लष्करी धावपट्टी आणि जुहूचे आकाश

भारताच्या नकाशावर अहमदाबाद आणि मुंबईतील जुहू या दोन ठिकाणांना जोडणारी सरळ रेषा काढावी. ही रेषा जवळजवळ उत्तर-दक्षिण जाते. अहमदाबाद आणि जुहू यांच्या रेखांशांत जेमतेम पाव अंशाचा फरक आहे. रेषेची लांबी सुमारे ४४० किलोमीटर भरते आणि तिचा शेवटचा टप्पा डहाणू, बोईसर, पालघर या पट्ट्याला लागूनच दक्षिणेकडे उतरतो. आपल्या पश्चिम रेल्वेचा मार्गही तोच. वर्गातल्या नकाशावर फूटपट्टी ठेवून मुलांना ही रेषा स्वतः काढू द्यावी, असे आम्हाला वाटते. कारण भारतातील टपाल-विमानसेवेचा आरंभ याच वाटेने झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ जातीचे एक इंजिनी विमान उडवले. बरोबर सुमारे २५ किलो टपाल होते. अहमदाबादला इंधन भरून घेऊन ते दुपारी जुहूला उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. विमानात रेडिओ नव्हता. अशा विमानांचे वैमानिक होकायंत्र पाहत आणि खाली दिसणारा समुद्रकिनारा, नद्यांची मुखे, लोहमार्ग यांच्या खुणांनी वाट ठरवीत. वारा आणि ढग यांमुळे वाट थोडी इकडेतिकडे होई, एवढेच.

ही विमाने ज्या जुहूला उतरत, त्या जुहूचे पुढे काय झाले आणि ते का झाले, हा या लेखाचा विषय आहे. जुहूचे नशीब बदलले ते तिथे घडलेल्या कोणत्याही गोष्टीमुळे नाही. शेजारी, जेमतेम साडेतीन किलोमीटरवर, युद्धासाठी एक लष्करी विमानतळ बांधला गेला आणि युद्ध संपल्यावर तो नागरी झाला, त्यामुळे ते बदलले.

जुहूचे दिवस

जुहूचा विमानतळ १९२८ साली सुरू झाला. देशातील पहिला नागरी विमानतळ असा त्याचा उल्लेख होतो. जागा सखल, समुद्राजवळची, खाजणाची. कोरड्या ऋतूत ती चांगली असे, पण पावसाळ्यात तिच्यावर पाणी चढे आणि विमाने उतरवणे अशक्य होई. म्हणून टाटांची विमानसेवा पावसाळ्यापुरती आपला मुक्काम पुण्याला हलवीत असे. शेतकऱ्याने पावसाळ्यात गुरे माळावर न्यावीत, तसाच हा प्रकार.

त्याच वर्षी, म्हणजे १९२८ मध्येच, बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला. सामान्य नागरिकाला विमान चालवायला शिकवणाऱ्या देशातील पहिल्या काही संस्थांपैकी ही एक. टाटांनीही याच क्लबात शिक्षण घेतले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेल्या परवान्याचा क्रमांक होता १. त्या काळी जुहूच्या एकाच मैदानावर सारे काही चाले : टपाल, मोजके प्रवासी, शिकाऊ वैमानिक आणि हौशी मंडळी. आकाशात गर्दी नव्हती. त्यामुळे शिकाऊ विद्यार्थ्याने उडावे कधी आणि टपालाचे विमान उतरावे कधी, हा प्रश्न फारसा पडत नसे.

युद्ध आणि धावपट्टीची लांबी

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत आले. एप्रिल १९४२ मध्ये कोलंबो, विशाखापट्टणम आणि काकिनाडा येथे बाँब पडले. भारतभर घाईने लष्करी विमानतळ उभारले जाऊ लागले. मुंबईजवळ सांताक्रूझ येथे ब्रिटिश हवाई दलाचा मोठा तळ होता. १९४२ पासून तेथे हवाई दलाच्या अनेक तुकड्या राहून गेल्या. या तळाचे क्षेत्र सुमारे १५०० एकर होते आणि आरंभी त्याला तीन धावपट्ट्या होत्या.

जुहू हाताशी असताना एवढा मोठा तळ कशासाठी? याचे उत्तर नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. एकसमान त्वरणाने धावणाऱ्या वस्तूसाठी v² = u² + 2as हे समीकरण आपण शिकवतो. विमान थांबलेल्या स्थितीतून निघते, म्हणून u शून्य. मग लागणारे अंतर s = v² ÷ 2a. आता १.५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे त्वरण धरू. हलके विमान २५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ९० किलोमीटर वेगाला जमीन सोडत असेल, तर त्याला सुमारे २०८ मीटर धावावे लागेल. जड विमान ५० मीटर प्रति सेकंद वेगाला जमीन सोडत असेल, तर तेवढ्याच त्वरणाला सुमारे ८३३ मीटर लागतील. वेग दुप्पट झाला, तर अंतर चौपट. शिवाय ऐन वेळी इंजिन बिघडले तर थांबण्यासाठी पुढे जागा राखावी लागते, ती वेगळीच.

जड विमानाला जमीन सोडण्यासाठी अधिक वेग का लागतो? पंखावर मिळणारे उत्थापन वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर जितके वजन जास्त, तितका वेग जास्त हवा. पस मॉथचे भरलेले वजन एक टनाच्या आतबाहेर. युद्धातील लिबरेटर बाँबफेकी विमानाचे वजन मात्र तीस टनांच्या घरात जाई. मऊ जमिनीत अशा विमानाची चाके रुततील, म्हणून लांब आणि पक्की धावपट्टी हवी. जुहूला समुद्र आणि वस्ती यांच्यामध्ये ती मिळण्यासारखी नव्हती.

धावपट्ट्या तीन का, हेही समजून घेण्याजोगे आहे. त्या काळच्या बहुतेक विमानांचे तिसरे चाक शेपटीखाली असे. अशी विमाने आडव्या वाऱ्यात उतरताना सहज भोवंडतात. वारा कोणत्याही दिशेने वाहिला तरी एक तरी पट्टी साधारण त्याच्या रोखाने असावी, म्हणून लष्करी तळावर दोन-तीन दिशांना पट्ट्या टाकण्याची पद्धत होती. पुढे नाकाखाली चाक असलेली, जड आणि वेगवान विमाने आली आणि ही गरज उरली नाही. पण एकदा टाकलेली मांडणी सहजासहजी बदलत नाही. मुंबई विमानतळाच्या आजच्या दोन धावपट्ट्याही एकमेकींना छेदतात. एक सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीची, दुसरी सुमारे तीन किलोमीटरची. छेदणाऱ्या असल्यामुळे त्या दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. २०१८ साली याच विमानतळाने एका दिवसात हजारावर विमाने हाताळली, ती प्रत्यक्षात एका पट्टीच्या बळावर.

लष्करी तळ नागरी होतो

१९४६ साली सांताक्रूझचा तळ नागरी विमान वाहतुकीच्या महासंचालकांकडे आला. हवाई दलाची दोन रिकामी हँगर, म्हणजे विमाने ठेवण्याच्या अवाढव्य शेड, प्रवाशांसाठी वापरात आणली गेली. एक देशातील प्रवासासाठी, दुसरे परदेशाच्या. दोन्ही बाजूंना जकात आणि पारपत्राची तपासणी, मध्ये बसायची जागा. पहिल्या वर्षी दिवसाला सहा नागरी विमानसेवा होत्या.

मग फाळणी झाली. ब्रिटिश काळात युरोपकडून येणाऱ्या विमानांचे भारतातील प्रवेशद्वार कराची होते. लंडनहून कराचीपर्यंतची हवाई सेवा १९२९ पासून सुरू होती. कराची पाकिस्तानात गेल्यावर ते काम मुंबईकडे आले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. या विमानाचे भरलेले वजन पंचेचाळीस टनांहून अधिक. १९४९ पर्यंत सांताक्रूझला दिवसाला चाळीसपर्यंत सेवा होऊ लागल्या. रात्री उतरण्यासाठी दिवे आले. नव्या इमारतीचे काम १९५० मध्ये सुरू झाले आणि १९५८ मध्ये ती वापरात आली. युद्धाच्या निकडीने घाईत निवडलेली जागा अशा रीतीने महानगराचा कायमचा विमानतळ बनली. नागरी गरजेसाठी सर्वांत योग्य जागा कोणती, या प्रश्नाला तोपर्यंत फारसा वावच उरला नव्हता. पट्टी तयार होती, म्हणून विमाने तेथे गेली.

हे फक्त मुंबईत घडले असे नाही. लंडनच्या पश्चिमेला हीथ्रो नावाचे शेतकऱ्यांचे गाव होते. १९४४ साली युद्धकाळातील विशेष अधिकार वापरून, हवाई दलाला तळ हवा म्हणून, ती जमीन घेतली गेली आणि गाव पाडले गेले. युद्ध संपले तेव्हा काम पुरे व्हायचे होते. १ जानेवारी १९४६ रोजी तेथून पहिले नागरी विमान उडाले आणि सुरुवातीचे प्रवासी लष्करी तंबूंत बसत. लंडनचा जुना नागरी विमानतळ क्रॉयडन. त्याची स्थिती आपल्या जुहूसारखी झाली. मोठी विमाने गेली, छोटी राहिली आणि १९५९ साली तो बंदच झाला. अमेरिकेत शिकागोचा ओहेअर विमानतळही युद्धातील विमान कारखान्याच्या मैदानावर वाढला.

जुहूने काय कमावले, काय गमावले

मोठी विमाने सांताक्रूझला गेली, तेव्हा जुहूच्या हौशी आणि शिकाऊ वैमानिकांना प्रथम मोकळीक मिळाली असे वाटणे स्वाभाविक आहे. मैदान आता छोट्या विमानांचे झाले. पण विमानतळाला जमीन लागते तशी त्यावरची हवाही लागते. मोठ्या विमानतळावर उतरणारे विमान कित्येक किलोमीटर आधीपासून ठरलेल्या उताराने खाली येत असते. त्या मार्गाच्या आसपास दुसऱ्या विमानाने मनास येईल तसे फिरून चालत नाही. जुहूचे आकाश अशा रीतीने सांताक्रूझच्या आकाशाचा एक कोपरा बनले.

शिकाऊ वैमानिकाचा पहिला धडा म्हणजे मैदानाभोवती चौकोनी फेरी मारून पुन्हा उतरणे, आणि हे पुन्हापुन्हा, शेकडो वेळा करणे. सायकल शिकणाऱ्या मुलाला हमरस्त्यावर जशी प्रत्येक फेरीला वाहतूक पोलिसाची परवानगी मागावी लागावी, तशी त्याची गत होते. शेजारच्या विमानतळावर दिवसाला सहा विमाने असतील तर हे निभते. ती शेकड्यांनी होऊ लागली की निभत नाही. बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाण-शिक्षण पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर गेले, ते याच ताणामुळे. मुंबईतल्या ज्या क्लबाने देशाला परवाना क्रमांक १ चा वैमानिक दिला, त्याच्या विद्यार्थ्याला उडण्यासाठी तीनशे किलोमीटर दूर जावे लागते.

दुसरा परिणाम धोक्याचा होता. धावपट्टीला जो क्रमांक देतात तो तिच्या दिशेचे अंश दहाने भागून, जवळच्या पूर्णांकात. पूर्वेकडे ९० अंशांवर रोखलेली पट्टी ०९, आणि तिचे उलट टोक, १८० अंश मिळवून, २७. सांताक्रूझची मुख्य पट्टी ०९-२७ आहे आणि जुहूची ०८-२६. म्हणजे दोघींच्या दिशांत फरक सुमारे दहा अंशांचा. समुद्रावरून येणाऱ्या वैमानिकाला आधी जुहू दिसते, मग सांताक्रूझ. सेकंदाला सत्तर मीटर वेगाने येणाऱ्या विमानाला हे साडेतीन किलोमीटर ओलांडायला पन्नास सेकंद पुरतात.

व्हायचे ते झाले. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनीचे एक कॉमेट जेट विमान सांताक्रूझऐवजी जुहूला उतरले. नऊ दिवसांनी ते तेथून उडवून नेले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान अशाच चुकीने जुहूला उतरले आणि धावपट्टी संपल्यावर पुढे गेले. सुदैवाने कोणीही दगावले नाही. या दोन्ही वेळी वैमानिक अनुभवी होते. चूक माणसाची, पण ती चूक घडण्याची सोय दोन विमानतळांच्या मांडणीने करून ठेवली होती.

जुहूला नवा जन्म मिळाला तो हेलिकॉप्टरमुळे. १९७४ साली मुंबई हायच्या समुद्रात तेल सापडले. तेलविहिरींवर माणसे पोचवण्यासाठी लांब धावपट्टीची गरज नव्हती. किनाऱ्यालगतची छोटी जागा हवी होती आणि ती जुहूला होती. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या पवन हंस कंपनीची हेलिकॉप्टरे येथून उडू लागली. ही वाहतूक आपल्या किनाऱ्यासमोरून चालते. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून सात जणांना घेऊन निघालेले हेलिकॉप्टर डहाणूजवळच्या समुद्रात कोसळले, तेव्हा या जिल्ह्याला त्याची दुःखद ओळख झाली.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली म्हणून, ७८ वर्षांच्या टाटांनी जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला आणि ते जुहूलाच उतरले. तोवर वर्षातून अशी एखादी घटनाच जुहूची जुनी ओळख जागवीत असे.

जे तळ नागरी झाले नाहीत

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पुण्याचा लोहगाव तळ १९३९ सालचा, मुंबईच्या रक्षणासाठी उभारलेला. तो हवाई दलाकडेच राहिला आणि नागरी विमाने तेथे पाहुण्यासारखी उतरतात. धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात तळ बंद ठेवला, तेव्हा एवढ्या मोठ्या शहराची सारी नागरी विमानसेवा चौदा दिवस थांबली. पुण्यातच हडपसरला १९५० पासून बिनइंजिनाची ग्लायडर उडवायला शिकवणारे सरकारी केंद्र आहे. तेही आता शहराने वेढले गेले आहे.

कल्याणजवळ नेवाळी येथे तर तिसराच प्रकार. महायुद्धात तेथे दीड हजार एकरांहून अधिक जमीन विमानतळासाठी घेतली गेली. युद्ध संपले, विमाने गेली आणि शेतकरी पुन्हा तेथे पिके घेऊ लागले. जमीन मात्र कागदोपत्री संरक्षण खात्याकडे राहिली. नौदलाने कुंपणाचे काम काढले तेव्हा विरोध वाढत गेला आणि २२ जून २०१७ रोजी आंदोलन हिंसक झाले. पाऊणशे वर्षांपूर्वीच्या एका युद्धाचा हिशेब अशा रीतीने नातवंडांच्या अंगावर आला. निकडीच्या काळात ‘तात्पुरती’ घेतलेली जमीन परत करायची की ठेवायची, हे त्या वेळीच स्पष्ट लिहून ठेवले नाही, तर काय होते याचा हा धडा आहे.

आपल्या जिल्ह्यासाठी

पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा जिल्हा झाला. मोठ्या प्रकल्पांसाठी जागा देण्याचा अनुभव मात्र त्याहून जुना आहे. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या. तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आणि त्या बंदराच्या परिसरात मुंबईसाठी आणखी एक विमानतळ उभारण्याचा प्रस्ताव राज्य सरकारने मांडला आहे.

विमानतळ हवा की नको, हे सांगणे या लेखाचे काम नाही. पण सांताक्रूझ आणि जुहूच्या इतिहासातून काही प्रश्न हाती येतात आणि ते आठवी-नववीच्या मुलांनाही विचारता येतील. धावपट्टीची दिशा कोणती असेल आणि आपल्याकडे पावसाळ्यात वारा कोठून वाहतो? विमाने उतरण्याचा मार्ग कोणत्या गावांवरून जाईल? जवळ अणुऊर्जा केंद्र असताना त्याच्या भोवतीचे आकाश कसे राखले जाईल? मासेमारी करणाऱ्याची जागा कोणती आणि तिची नोंद कोठे आहे? जमीन कोणत्या कायद्याने घेतली जाते, आणि ठरलेला उपयोग संपला तर ती कोणाकडे जाईल?

यांतले काही प्रश्न भूगोलाच्या तासाला सुटतील, काही विज्ञानाच्या. शेवटच्या दोन प्रश्नांसाठी मुलांनी घरी जाऊन आजोबांशी बोलावे, घरचा सातबारा काढून तो वाचायला शिकावे. विज्ञानाच्या शिक्षकाने सातबारा वर्गात आणू नये, असे कोणी म्हटलेले नाही. हीथ्रो गावातल्या लोकांना आणि नेवाळीच्या शेतकऱ्यांना तेव्हा हे प्रश्न विचारायला वेळ मिळाला नाही, कारण युद्ध चालू होते. आज आपल्याकडे युद्ध नाही. वेळ आहे.